सहाशे बेचाळीस ग्रॅमचा डबा

१

फ्रीजची कडी शाबूत होती, कुलूप शाबूत होतं, किल्ली खिळ्यावर लटकत होती. आत दूध होतं, लोणी होतं, माझं कालचं उरलेलं वरणही होतं. डबा तेवढा नव्हता.

औषधबाई उघड्या फ्रीजसमोर उभ्या होत्या. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, दार लावा. थंडावा जातोय."

दुपारचे पावणेदोन. पाच वाजता तो डबा कोर्टासमोर उघडायचा होता.

या घराचा मी गेली एकोणीस वर्षं कारभारी. विद्यापीठाच्या वनस्पती विभागामागचं हे पिवळं दुमजली पाहुणेघर. इथे दरवर्षी चार पाहुणे येतात, आणि येतात ते आपापल्या देशात चोर पकडले म्हणून. जगाची रीतच आहे ती, चोर घरी आणि पकडणारा परागंदा. विद्यापीठ त्यांना एक वर्षाची फेलोशिप देतं. म्हणजे एक खोली, एक टेबल, लायब्ररीचं कार्ड आणि शिकवायला चाळीस विद्यार्थी. पहिला महिना पाहुणे नुसते झोपतात. मग हळूहळू दाराला दोनऐवजी एकच कडी लावायला लागतात.

असल्या घरात चोरी! माझ्या बागेतल्या झाडाला त्या वर्षी इतकी सफरचंदं लागली की त्याला टेकू द्यायला शेजारी दुसरं झाड लावावं लागलं. मी टोपली भरून दारोदार फिरलो, तर एक सोडून प्रत्येकजण हात जोडून म्हणाला, "घेता येत नाही, काका." वीस-वीस वर्षं कुणाचा चहा न प्यालेली माणसं ही. त्यांच्यापुढे सफरचंद म्हणजे लाचच.

त्या दिवशी घरात आम्ही सहा जण होतो. सहातला एक चोर होता.

२

डब्यात काय होतं ते आधी सांगतो.

औषधबाई त्यांच्या देशात औषध निरीक्षक. लहान मुलांना तापात देतात त्या इंजेक्शनांचा एक साठा त्यांनी पकडला. रीतीप्रमाणे नमुन्याचे चार भाग केले, कापडात शिवले, लाखेची सीलं मारली. एक भाग कारखानदाराला, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक कोर्टाला आणि एक स्वतःकडे. प्रयोगशाळेतला पडून फुटला. कोर्टातला उंदरांनी खाल्ला. हो, काचेसकट. कारखानदाराचा सापडेना. आणि सील मारताना साक्षीला उभा असलेला त्यांचा म्हातारा शिपाई तुरुंगात गेला. का, तर म्हणे बाई आणि शिपाई यांनी मिळूनच खोटी इंजेक्शनं कारखान्यात नेऊन ठेवली.

उरला चौथा भाग. कोर्टाच्या हुकमानं तो बाईंच्या ऑफिसातून आज सकाळी नऊ वाजता थंड पेटीतून इथे आला. पाच वाजता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, कॅमेऱ्यासमोर, त्याची तपासणी ठरली होती. प्रयोगशाळेचा फ्रीज चाळीसजण उघडतात म्हणून बाईंनी डबा आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवला आणि साडेचार तास त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. दीड वाजता वकिलांचा फोन आला, म्हणून दहा-पंधरा मिनिटं उठल्या. तेवढ्यात चोरानं डाव साधला.

"डबा गेला तर माझं काय व्हायचं ते होऊ दे," बाई म्हणाल्या. "पण माझा शिपाई बाहेर यायचा नाही. बासष्ट वर्षांचा आहे तो."

एवढ्यात मापमावशी आल्या. चार फेलोंपैकी थोरल्या. वजनमापे निरीक्षक. त्यांच्या देशातले अर्धे दुकानदार त्यांना बघून तराजू पालथे घालायचे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातली घड्याळं, थर्मामीटर, मोजपेले, सगळं तपासून काढलं. माझ्या वजनकाट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "कारभारी, हा काटा तुम्हाला तीन किलो कमी सांगतो. तरीच तुम्ही खुशीत असता."

आता त्यांनी पुढच्या दाराला आतून कडी घातली. जेवणघरात आपला पितळी तराजू मांडला आणि सगळ्यांना बोलावलं.

"सकाळी नऊला मी डबा तोलला होता. सहाशे बेचाळीस ग्रॅम. सवय आहे माझी, जाऊ दे. डबा घराबाहेर गेलेला नाही, कारण दीडपासून मी पुढच्या ओट्यावर होते आणि मागे बागेत कारभारी. म्हणजे तो घरातच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्या कमरेला," मी म्हणालो.

"खरं सांगा."

"खिडकीजवळच्या खिळ्यावर. कमरेला टोचते."

"बसा त्या खुर्चीत. पहिले संशयित तुम्ही."

३

एकोणीस वर्षांत माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता. खरं सांगतो, जरा भाव वधारल्यासारखं वाटलं.

पण मावशींनी मला दोन मिनिटांत सोडलं. मी दीड ते पावणेदोन मोठमोठ्यानं गात झाडांना पाणी घालत होतो, आणि ते गाणं ऐकून ओट्यावर त्यांचे कान किटले होते.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "मावशी, जकातवाल्याला धरा. अख्ख्या घरात माझी सफरचंदं घेतली ती त्यानं एकट्यानं. टोपलीसकट. ज्याचा हात एकदा ओला झाला..."

जकातवाले म्हणजे तिसरे फेलो. बंदरावर कस्टम अधिकारी होते. एका मंत्र्याच्या जावयाचा कंटेनर उघडला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या गाडीला आग लागली. धिप्पाड, मिशाळ, बोलले की खिडक्यांच्या काचा थरथरतात.

"दीड वाजता कुठे होतात?"

"वरच्या वाचनखोलीत. उद्याचं व्याख्यान तयार करत होतो."

"कारभाऱ्यांची सफरचंदं घेतलीत?"

ते ताडकन उठले. मला वाटलं, आता हा मला उचलून खिडकीबाहेर टाकतो. पण त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर आपटला. "ही पोच. सफरचंदं नग तेवीस, टोपली नग एक. त्याच दिवशी विद्यापीठाच्या भेटवस्तू नोंदवहीत जमा केली. म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणून घेतली आणि रीतसर जमा केली. ऑफिसातल्या बायकांनी त्याचा मुरंबा केला, तोही मी खाल्ला नाही!"

मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

मग आले ते समन्वयक साहेब. फेलोशिपचं सगळं हेच बघतात. कायद्याचे प्राध्यापक. प्रयोगशाळेत न्यायचा कॅमेरा आधी इथे जोडून बघायला सकाळपासून घरात होते आणि तारा ओढताना तीनदा अडखळून पडले होते. रुमालानं मान पुसत म्हणाले, "मी म्हणतो, सुनावणी पुढे ढकलू. कुलगुरूंना काय सांगू मी? आमच्या घरात चोरी? एकोणीस वर्षांत ही पहिली... जरा बर्फाचं पाणी मिळेल का हो?"

मी स्वयंपाकघरात गेलो. सकाळी मी स्वतः भरलेले बर्फाचे चारही ट्रे रिकामे होते.

मी साधं पाणी घेऊन आलो आणि सांगितलं, "बर्फ संपलाय, साहेब."

मापमावशींनी मान वर केली. "संपलाय म्हणजे? आज बर्फ कुणी मागितला?"

कुणीच मागितला नव्हता.

४

चौथे फेलो पूलसाहेब. पुलांचे इंजिनिअर. एका पुलाच्या काँक्रीटवर त्यांनी सही करायला नकार दिला, आणि उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात तो पूल आपला आपणच खाली बसला. माणूस अबोल, सडपातळ. औषधबाई आणि ते एकाच देशातले. त्यांच्याकडचा औषध कारखानदार आणि पुलाचा ठेकेदार म्हणजे सख्खे मेव्हणे. बाई त्यांना दादा म्हणायच्या. दोघं रोज संध्याकाळी बागेत बसून गावाकडच्या गप्पा मारायची.

"दीड वाजता?" मावशींनी विचारलं.

"खोलीत होतो. कागद बघत."

"काही आवाज?"

"नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माफ करा हं, जरा जाऊन येतो."

पाच मिनिटांनी परत आले. पुन्हा चार प्रश्न झाले, पुन्हा घड्याळ पाहिलं. "माफ करा. साखर आहे मला."

"जा बापडे," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा जकातवाले मिशीत हसले. "साहेब, इतकं पाणी तुमच्या नदीलाही नव्हतं. पूल कशाला बांधत होतात?"

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी टिपलं.

खोलीत उकाडा वाढला होता. समन्वयक साहेब म्हणाले, "आज तापमान तरी किती आहे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोन खिळे. एकावर किल्ली, दुसऱ्यावर जुनं थर्मामीटर. मी सवयीनं दारातूनच तिकडे पाहिलं. किल्लीच्या खिळ्यावर किल्ली होती. दुसरा खिळा रिकामा होता.

"थर्मामीटर गेलं!" मी ओरडलो. "चोरानं थर्मामीटरही नेलं!"

समन्वयक साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "आता ही काय भुरटी चोरी!"

मापमावशी खुर्चीतून सावकाश उठल्या. त्यांनी औषधबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, तुमचा डबा सुखरूप आहे. कुठे आहे तेही मला कळलंय. पण ऐकताना मन घट्ट करा."

५

"जरा विचार करा," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला हा डबा नासवायचा आहे. मग तुम्ही काय कराल?"

"भिंतीवर आपटेन," जकातवाले म्हणाले.

"संडासात ओतेन," मी म्हणालो.

"उन्हात ठेवलात तरी काम होईल. ज्याला नासवायचंय त्याला बर्फ कशाला? बर्फ नेणारा चोर डब्याला जपतोय. आणि थर्मामीटर? थंड राहिलाय की नाही हे हाताला कळतं. किती अंश थंड राहिलाय हे ज्याला लिहून ठेवायचंय त्यालाच थर्मामीटर लागतं. म्हणजे चोर असा, की ज्याच्या हातून चोरी करतानासुद्धा नमुन्याची नोंद चुकत नाही. चोराची चूक तीच. असली चूक पट्टीचा चोर करणार नाही. ती आपल्यासारखेच करतील."

जकातवाल्यांनी मिशीवरून हात काढला.

"आता कोण ते. दोन पंधरा, दोन पस्तीस, दोन पंचावन्न. साखरेचा माणूस उठतो, पण घड्याळ लावून वीस-वीस मिनिटांनी उठत नाही. काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून त्यांचं तापमान टिपत जन्म काढलेला माणूस मात्र तसा उठतो." त्या वळल्या. "पूलसाहेब, तीन पंधरा झाले. नोंदीची वेळ झाली. चला, आम्हीही येतो."

पूलसाहेब पुढे चालू लागले. आम्ही त्यांच्यामागून जिना चढलो.

त्यांच्या कपाटात माझं सूपचं मोठं पातेलं होतं, भोवती ब्लँकेट गुंडाळलेलं. आत बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत डबा, शेजारी थर्मामीटर. आणि झाकणावर चिकटवलेला कागद. स्वच्छ, उभट अक्षरात लिहिलेलं: 'सीलं पाच, अखंड. ताब्यात घेतल्याची वेळ एक पस्तीस.' खाली दर वीस मिनिटांची नोंद, प्रत्येक नोंदीपुढे सही. चोरानं आपल्या चोरीवर पाच वेळा सही केली होती.

साहेबांनी थर्मामीटर बघितलं, कागदावर सहावी नोंद केली, सही केली, आणि मग पलंगावर मटकन बसले.

"दादा," औषधबाई म्हणाल्या.

साहेबांनी फोन पुढे केला. एका शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या तरुण शिक्षिकेचा फोटो. खाली एकच ओळ: पाचच्या आत डबा फुटला पाहिजे.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "सकाळी अकराला आला हा. मी डबा घेतला. फोडायला दोनदा हात उचलला. हात खालीच येईना. तीस वर्षांत मी एक नमुना खराब होऊ दिला नाही हो. म्हटलं, पाचपर्यंत वेळ आहे. तोवर थंड तर ठेवू."

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत."

"तुम्ही म्हणाला असतात, फोडा. आणि तुमचा शिपाई आत सडला असता."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मुलीला विचारलंत?"

"तिला काय विचारणार?"

"मान तिची, आणि निर्णय तुम्ही एकटेच घेताय? लावा फोन."

फोन लागला. साहेबांनी अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून मुलगी कडाडली. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

"बाबा, तुम्ही पुलावर सही केली नाहीत तेव्हा मी नववीत होते. वर्गात शेजारी कुणी बसत नव्हतं. मी एकटी बसले वर्षभर, पण मान खाली घातली नाही. आणि आता माझं नाव सांगून तुम्ही मान खाली घालणार? तो फोटो मला पाठवा. मी आत्ता स्टाफरूममध्ये आहे... थांबा, आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलायचंय."

दुसरा, जाडाभरडा आवाज आला. "साहेब, पोरीला मी माझ्या घरी नेते. मला तीन भाऊ आहेत, तिघंही महाभांडखोर. तुम्ही तिकडचं बघा."

साहेबांनी फोन खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. जकातवाले खिडकीबाहेर बघत उगाच खाकरले.

समन्वयक साहेबांच्या जिवात जीव आला होता. "चला, डबा मिळाला, सीलं शाबूत. सुनावणी वेळेवर. आणि मी म्हणतो, हे मधले दोन तास आपण... म्हणजे, कोर्टाला सांगायची काही गरज..."

वाक्य पुरं व्हायच्या आतच ते थांबले. चारही फेलो त्यांच्याकडे बघत होते. रागानं नव्हे. एखादा हुशार विद्यार्थी सोपं गणित चुकला की मास्तर बघतात तसे.

"सांगायचं तर सगळं सांगायचं," औषधबाई म्हणाल्या. "हेच लपवायचं तर घरीच राहिलो असतो की आम्ही."

पण कोर्टाला सांगणं म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत देणं होतं. चोरीला गेलेला नमुना कुठलं कोर्ट मानतं?

६

पाच वाजता प्रयोगशाळेतल्या पडद्यावर कोर्ट दिसलं. उंच आसनावर न्यायाधीशबाई, खाली कारखानदाराचा वकील, आणि कोपऱ्यात दोन पोलिसांमध्ये औषधबाईंचा शिपाई. तुरुंगात खंगलेला, पण सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "नमुना दुपारी एक पस्तीस ते तीन पंधरा माझ्या ताब्यात नव्हता."

वकील उडालाच. "ऐका! बाईसाहेब, चोरीला गेलेला नमुना! कुठल्या उन्हात पडला होता देव जाणे. आमचं औषध चांगलंच होतं, यांनी बाहेर ठेवून मारलं. हा पुरावा बाद करा!"

पूलसाहेब उठून कॅमेऱ्यासमोर आले. "तो मी चोरला."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला. साहेबांनी फोटो दाखवला, निरोप वाचून दाखवला आणि पातेल्यावरचा कागद कॅमेऱ्यापुढे धरला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा सावरून कागद पाहिला. "तुम्ही आरोपी आहात की साक्षीदार?"

"दोन्ही, बाईसाहेब. जे लावायचं ते लावा. पण नोंदी तपासा. पाच अंशांच्या वर एकदाही गेलेला नाही."

"घरगुती थर्मामीटर!" वकील ओरडला. "त्याचा भरवसा काय?"

आता मापमावशी पुढे सरसावल्या. पदर खोचलेला. "भरवसा मी देते. मी ते बर्फाच्या पाण्यात तपासलंय. अर्धा अंश जास्त दाखवतं. म्हणजे डबा कागदावर आहे त्याहून थंडच होता. वकीलसाहेबांना शंका असेल तर आता परत तपासू. आणि हे वजनही बघा."

त्यांनी पिशवी काढली, डब्यावरचं पाणी टिपून तो कोरडा केला आणि तराजूत ठेवला. दुसऱ्या पारड्यात एकेक वजन चढवलं. पाचशे. शंभर. वीस. वीस. दोन. काटा हलला, डोलला आणि मधोमध उभा राहिला.

"सकाळी नऊला सहाशे बेचाळीस. आत्ता सहाशे बेचाळीस. आतला एक थेंबही कुणी बदललेला नाही."

न्यायाधीशबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्या म्हणाल्या, "माझ्या कारकिर्दीत पोलिसांनी लिहिलेल्या पंचनाम्यांपेक्षा हा चोरानं लिहिलेला पंचनामा बरा आहे. सीलं तोडा."

प्रयोगशाळेच्या बाईंनी पाच सीलं एकेक करून कॅमेऱ्याला दाखवली, तोडली, टाके उसवले. काचेच्या बाटलीत रसायनाचे थेंब टाकले. औषध खरं असेल तर जांभळा रंग येतो, बिघडलं असेल तर फिकट का होईना, पण येतो. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पाणी पाण्यासारखंच राहिलं. दुसरी बाटली, तिसरी बाटली, तेच.

"औषधाचा अंशही नाही," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. "मीठ आणि पाणी."

औषधबाईंनी टाळी वाजवली नाही, डोळे पुसले नाहीत. नुसत्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या एका बाजूला पूलसाहेब, दुसऱ्या बाजूला मापमावशी, मागे जकातवाले. जगानं यातल्या कुणाला हाकललं होतं, कुणाची गाडी जाळली होती; आणि मी सांगतो, त्या घटकेला त्यांच्या उंचीला त्या खोलीचं छत कमी पडत होतं.

पलीकडे न्यायाधीशबाईंनी हुकूम वाचला. शिपायाची तिथल्या तिथे सुटका. कारखानदाराला ताब्यात घ्या. फोटो पाठवणाऱ्याचा माग काढा. पूलसाहेबांचं प्रकरण वेगळं ऐकू, तोवर ते सरकारी साक्षीदार. पोलीस शिपायापासून दोन पावलं बाजूला झाले. म्हाताऱ्याला कळेना, आता हात कुठे ठेवायचे.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे का?" न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं.

तो पडद्याजवळ आला. इतका जवळ, की आम्हाला त्याचं नाक आणि पांढरी मिशीच दिसत होती. त्यानं औषधबाईंना सलाम केला.

"बाईसाहेब, आपलं ऑफिस वर्षभर बंद आहे. उद्या किती वाजता उघडू?"

बाईंना अजून घरी जायला किती महिने, किती वर्षं लागणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"दहा वाजता," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखं."